जुने मॅन्युअल मिलिंग मशीन: तपासणी, मोजमाप आणि किंमत

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात स्वतःचे छोटे वर्कशॉप सुरू करणाऱ्याला लेथनंतर बहुधा पहिली गरज भासते ती फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या मिलिंग मशीनची. नवे मशीन सुरुवातीच्या भांडवलात बसत नाही आणि मोठ्या कारखान्यांनी संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनकडे वळताना विकलेली चांगली मॅन्युअल मशीने बाजारात असतात, त्यामुळे जुने मशीन घेणे हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. मात्र जुन्या मशीनची खरी किंमत त्याच्या रंगात किंवा नावाच्या पट्टीत नसते. त्यात अचूकता किती शिल्लक आहे आणि ते कामाला लावण्यासाठी आणखी किती खर्च येणार आहे, या दोन गोष्टींवर ती ठरते, आणि या दोन्ही गोष्टी खरेदीपूर्वी बऱ्याच अंशी मोजता येतात. हे मोजमाप कसे करावे आणि त्यावरून पैशांचा आकडा कसा काढावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी काम ठरवावे, मग मशीन

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. आडव्या स्पिंडलचे, म्हणजे कटर फिरवणारा दांडा आडवा असलेले हॉरिझॉन्टल मशीन, त्याचेच टेबल दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत फिरणारे युनिव्हर्सल मशीन, आणि उभ्या स्पिंडलचे व्हर्टिकल मशीन. चौथा प्रकार म्हणजे टरेट मिलिंग, ज्याचे डोके आडवे-तिरपे फिरते आणि ते डोके धरणारा वरचा हात, म्हणजे रॅम, पुढे-मागे सरकतो. अमेरिकेत १९३८ साली आलेल्या ब्रिजपोर्ट मशीनने ही रचना लोकप्रिय केली. आपल्याकडे त्याच धर्तीची मशीने एम१टीआर या नावाने ओळखली जातात.

डाय-मोल्डची कामे, जिग-फिक्स्चर, दुरुस्तीचे सुटे जॉब, ठराविक अंतरावरची भोके अशी मिश्र कामे असतील तर नवशिक्याने टरेट मशीनपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर सेटिंग लवकर होते, स्पिंडलला वर-खाली सरकवणाऱ्या क्विलमुळे ड्रिलिंग-बोरिंग सोयीचे होते आणि मशीनचे वजन साधारण टन-सव्वा टनाच्या आसपास असल्याने ते लहान गाळ्यातही बसते. याउलट चावीघाटी (की-वे), स्लिटिंग, गिअर कटिंग किंवा एकाच आर्बरवर, म्हणजे कटर ओवण्याच्या आडव्या दांड्यावर, अनेक कटर लावून करायची भारी कामे असतील, तर एचएमटीच्या एफएन मालिकेतील किंवा बीएफडब्ल्यूची हॉरिझॉन्टल आणि युनिव्हर्सल मशीने आजही भरवशाची आहेत. एचएमटीची मिलिंग मशीने पिंजोरच्या कारखान्यात तयार होत, तर बीएफडब्ल्यू ही १९६१ साली बंगळुरूत जर्मनीच्या फ्रिट्झ वर्नर कंपनीच्या सहकार्याने उभी राहिलेली कंपनी आहे. अशी मशीने वजनाला टरेट मशीनच्या दुपटीहून अधिक असू शकतात, हे गाळ्याची फरशी पाहतानाच लक्षात घ्यावे. लुधियाना, बटाला आणि राजकोट येथे तयार झालेली मशीने स्वस्त मिळतात. त्यांतही चांगली मशीने आहेत, पण दर्जात फार चढउतार असल्याने तेथे नावावर काहीच सोडता येत नाही, प्रत्येक मशीन मोजूनच घ्यावे लागते.

मशीन निवडताना स्पिंडलचा टेपर, म्हणजे कटरचा होल्डर बसवण्याचे निमुळते भोक कोणत्या मापाचे आहे, ते पहिल्या फोनवरच विचारावे. आयएसओ ४० किंवा ३० असेल तर होल्डर सहज मिळतात, आर८ असेल तर कटर पकडणारे कोलेट स्वस्त पडतात, पण जुन्या विलायती मशीनवर एखादा बंद पडलेला टेपर असेल तर प्रत्येक होल्डर करून घ्यावा लागेल. तो खर्च वर्षभरात मशीनच्या किमतीला गाठू शकतो.

पाहायला जाताना

सोबत मॅग्नेटिक स्टँडसह ०.०१ मिमीचा डायल, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापयंत्र, खात्रीचा गुण्या, टॉर्च, कॉटन वेस्ट, थोडे रॉकेल आणि शक्य झाल्यास त्याच टेपरचा एक चांगला होल्डर किंवा टेस्ट मँड्रेल, म्हणजे तपासणीसाठीचा अचूक दांडा, न्यावा. मशीन थ्री फेज वीजपुरवठ्याला जोडून ठेवावे, असे विक्रेत्याला आधीच कळवावे. एवढे सांगूनही मशीन सुरू करून दाखवले नाही, तर त्याचे स्पिंडल, गिअरबॉक्स आणि मोटर तिन्ही नादुरुस्त आहेत असे गृहीत धरूनच भाव करावा. विक्रेता प्रामाणिक असला तरी हा नियम मोडू नये, कारण बंद मशीनच्या गिअरबॉक्सची त्यालाही खात्री नसते.

पोहोचल्यावर लगेच डायल काढू नये. आधी मशीनभोवती एक फेरी मारावी. नुकताच रंग दिला असेल तर रंगाखालची पुटी, वेल्डिंगच्या रेषा आणि कास्टिंगमधील तडे टॉर्च तिरपा धरून पाहावेत, विशेषतः नी (टेबलाला खालून धरून वर-खाली सरकणारा भाग) आणि कॉलमच्या जोडाजवळ, वरच्या ओव्हरआर्मच्या पकडीजवळ आणि टेबलावरच्या टी आकाराच्या खाचांच्या, म्हणजे टी स्लॉटच्या ओठांवर. टी स्लॉटचा ओठ तुटलेला असेल तर कोणीतरी टेबलावर बेसुमार ताण दिला आहे, असे समजावे. टेबलावर ड्रिलचे खड्डे असतील तर घाबरू नये. ते दिसायला वाईट असतात, पण अचूकतेला त्यांचा फारसा धक्का लागत नाही. तेलाच्या निपलवर मात्र बोट फिरवून पाहावे. ज्या निपलवर रंग चढला आहे त्यातून गेल्या कित्येक महिन्यांत तेल गेलेले नाही, आणि कोरड्या चाललेल्या स्लाइडची, म्हणजे टेबल ज्यावर सरकते त्या पृष्ठभागांची झीज नुसत्या साफसफाईने भरून येत नाही.

स्लाइड, गिब आणि स्क्रू

सगळ्यात जास्त वेळ येथे द्यावा, कारण सगळ्यात महाग दुरुस्ती हीच असते. टेबल एका टोकाला सरकवून उघड्या पडलेल्या स्लाइडवरचे मळकट तेल रॉकेलने पुसावे. कारखान्यात स्क्रेपरने काढलेली चंद्रकोरीसारखी नक्षी टोकांना दिसते आणि मधोमध पुसट किंवा नाहीशी होते, कारण बहुतेक काम टेबलाच्या मध्यावरच झालेले असते. टोकांची नक्षी आणि मधला गुळगुळीतपणा यांतला फरक जितका तीव्र, तितकी झीज असमान. लांबीच्या दिशेने उठलेले चरे बोटाच्या नखाला लागत असतील तर स्लाइडमध्ये कीस शिरून फिरत होता.

यानंतर गिबची, म्हणजे स्लाइडमधला ढिलेपणा घालवण्यासाठी आवळायच्या पट्टीची परीक्षा करावी. टेबल मध्यावर आणून लॉक पूर्ण मोकळे करावे, डायल टेबलाखालच्या सॅडलवर बसवून त्याचा पॉइंट टेबलाच्या कडेला लावावा आणि टेबलाचे टोक हाताने पुढे-मागे ढकलावे. काटा दोन-तीन शतांश मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर गिब सैल आहे. गिब सैल असणे हा दोष नाही, ते स्क्रूने आवळता येते. प्रश्न त्यापुढचा आहे. विक्रेत्याच्या परवानगीने गिब मध्यावर व्यवस्थित आवळावे आणि टेबल दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवावे. मध्यावर सुरळीत चालणारे टेबल टोकाजवळ जड होऊन अडकू लागले, तर मधला भाग खरोखरच खचला आहे आणि गिब आवळून तो प्ले, म्हणजे ढिलेपणा, कधीच जाणार नाही. बाजारात विकायला काढलेल्या कित्येक मशीनचे गिब आधीच घट्ट आवळून ठेवलेले असते, जेणेकरून टोक ढकलल्यावर काटा हलू नये. म्हणूनच हँडल पूर्ण प्रवासभर स्वतःच्या हाताने फिरवल्याशिवाय या तपासणीवर विश्वास ठेवू नये. हीच परीक्षा सॅडलच्या आडव्या प्रवासाला आणि नीच्या उभ्या प्रवासालाही लावावी.

स्क्रू आणि नटमधील बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना हँडल रिकामे फिरते तेवढे अंतर, मोजणे सोपे आहे. डायल टेबलाच्या टोकाला लावून हँडल एका दिशेने फिरवावे, काटा हलू लागताच हँडलच्या रिंगवर शून्य करावे आणि मग उलट फिरवून काटा पुन्हा हलेपर्यंत रिंगवर किती घरे गेली ते वाचावे. हे वाचन मध्यावर आणि दोन्ही टोकांना, असे तीन ठिकाणी घ्यावे. चांगल्या राखलेल्या मशीनवर ०.१० मिमीच्या आसपास, कामात असलेल्या जुन्या मशीनवर ०.२० ते ०.३० मिमी बॅकलॅश सर्रास आढळतो. तो अर्ध्या मिमीपलीकडे गेला, तर नट बदलण्याचा खर्च धरावा. तिन्ही ठिकाणची वाचने जवळपास सारखी असतील तर झीज मुख्यतः नटाची आहे आणि ती स्वस्तात सुटते. मध्यावर बॅकलॅश जास्त आणि टोकांना कमी असेल, तर स्क्रूच मधोमध झिजला आहे, आणि तेव्हा नवा नट टाकून उपयोग नाही, कारण मध्यावर नीट बसणारा नट टोकांना जाम होईल. टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डीआरओ बसवलेला असेल तर विक्रेता बॅकलॅशला महत्त्व देणार नाही. मापापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. पण कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच जॉब सरकवून मिलिंग करताना कटर टेबलाला बॅकलॅशइतके ओढून घेतो, तो झटका डीआरओ थांबवू शकत नाही आणि त्यात कटर तुटतो. डीआरओचे वाचनही डायलशी किंवा स्लिप गेजशी, म्हणजे ठराविक मापाच्या अचूक पोलादी ठोकळ्यांशी, ताडून पाहावे.

शेवटी काटकोन. गुण्या टेबलावर उभा ठेवून डायल स्पिंडलला धरावा आणि नी वर चढवत उभ्या कडेवर वाचन घ्यावे, एकदा गुण्या डावी-उजवीकडे आणि एकदा पुढे-मागे रोखून. २०० मिमीच्या प्रवासात ०.०२ ते ०.०३ मिमी फरक छोट्या वर्कशॉपला चालतो. ०.०८ किंवा त्याहून अधिक असेल, तर खोल पॉकेटच्या भिंती सरळ येणार नाहीत. टरेट मशीनच्या बाबतीत येथे एक गल्लत नेहमी होते. स्पिंडलला डायल लावून टेबलाभोवती गोल फिरवला आणि फरक आला, म्हणजे मशीन वाकडे आहे असे लोक ठरवून टाकतात. प्रत्यक्षात ते फक्त डोक्याचे सेटिंग असते आणि ते अर्ध्या तासात लावता येते. नी आणि टेबलामधला काटकोन मात्र सेटिंगने सुधारत नाही. १९२७ साली जर्मन अभियंते गेओर्ग श्लेसिंगर यांनी मशीन टूलच्या चाचण्यांची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे की प्रत्येक फरक कोणत्या दोन पृष्ठभागांमधला आहे हे आधी वेगळे करावे.

स्पिंडल, गिअरबॉक्स आणि वीज

स्पिंडलचा टेपर आतून पुसून डायलचा पॉइंट त्यावर टेकवावा आणि स्पिंडल हाताने फिरवावे. काटा ०.०१ मिमीच्या आत राहिला पाहिजे. मग मँड्रेल लावून तोंडाजवळ आणि खाली २०० ते ३०० मिमीवर पुन्हा वाचावे, तेथे दोन-तीन शतांशांपर्यंत फरक चालेल. लाकडी दांडीने स्पिंडल हलकेच वर उचलून पाहिल्यास बेअरिंगमधला प्ले समजतो. टेपरमध्ये खाचा असतील तर होल्डरला निळे रंगद्रव्य लावून तो आत घालावा आणि काढावा. रंग संपूर्ण लांबीवर उमटला तर टेपर वापरण्याजोगा आहे, फक्त तोंडाशी किंवा तळाशी उमटला तर तो ग्राइंड करावा लागेल. हॉरिझॉन्टल मशीनवर याशिवाय आर्बर सरळ आहे का आणि आधाराच्या ब्रॅकेटमधला बुश झिजला आहे का, एवढे पाहिले की पुरे.

आता मशीन सुरू करावे. सगळ्यात कमी वेगापासून प्रत्येक वेगावर मिनिट-दोन मिनिटे चालवावे, कारण एकाच वेगावर येणारी टकटक ही त्या विशिष्ट गिअरचा दात गेल्याची खूण असते. सर्व वेगांवर येणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. त्यानंतर वरच्या वेगावर वीस ते तीस मिनिटे चालू ठेवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवावा. कोमट लागणे ठीक, हात ठेवताच काढून घ्यावा लागला तर बेअरिंग किंवा वंगणात दोष आहे. फीड आणि रॅपिड, म्हणजे टेबलाची आपोआप होणारी संथ आणि वेगवान चाल, तिन्ही दिशांना चालवून पाहावी, प्रवासाच्या शेवटी बसवलेल्या ट्रिप डॉगवर फीड आपोआप सुटते का तेही पाहावे. शक्य असेल तर विक्रेत्याला माइल्ड स्टीलच्या तुकड्यावर एक भारी कट घ्यायला सांगावे. रिकामे चालताना शांत असणारे मशीन भाराखाली बोलू लागते, म्हणून या एका कटचा आग्रह सोडू नये.

मोटरच्या पाटीवर व्होल्टेज आणि अश्वशक्ती वाचावी. मोटर रिवाइंड केलेली असणे सामान्य आहे, त्याने फार बिघडत नाही. पॅनेलमधील कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि अर्थिंग मात्र उघडून पाहावे, कारण जुन्या मशीनवर आणीबाणीचे बटण थेट जोडून निकामी केलेले सापडते. गाळ्यात थ्री फेज नसेल तर महावितरणकडून मिळणाऱ्या जोडणीचा आणि मंजूर भाराचा खर्च आधी काढावा. टरेट मशीनच्या लहान मोटरसाठी सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा व्हीएफडी हा पर्याय आहे. मोठ्या युनिव्हर्सल मशीनसाठी तो विचार सोडून द्यावा.

किंमत कशी काढावी

प्रत्येक जुन्या मशीनला एक तळ आणि एक छत असते. तळ म्हणजे त्या आठवड्याच्या भंगाराच्या दराने येणारी किंमत. त्याखाली विक्रेता सहसा उतरत नाही, कारण भंगारवाला दारातच उभा असतो. छत म्हणजे त्याच बनावटीच्या, तपासून चालू असलेल्या मशीनची बाजारातील रक्कम, जी निदान तीन-चार ठिकाणी विचारून ठरवावी. व्यवहार या दोहोंच्या मध्ये होतो, आणि नेमका कुठे होतो ते आपल्या डायलने टिपलेले आकडे सांगतात.

पद्धत समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. चालू स्थितीतील एका टरेट मशीनचा भाव पोहोच धरून ३,००,००० रुपये आहे. समोरच्या मशीनचे वजन ११०० किलो आहे आणि भंगाराचा दर किलोला ३५ रुपये धरला तर तळ ३८,५०० रुपये येतो. तपासणीत दोन दिशांचे स्क्रू-नट बदलायचे ठरले, त्याचे ४५,००० रुपये. स्पिंडल बेअरिंगचे १८,०००, पॅनेलचे १५,०००, नसलेला व्हाइस आणि कोलेट संच २०,००० आणि क्रेन, ट्रक व बसवण्याचे २२,००० रुपये. एकूण वजावट १,२०,००० रुपये झाली, म्हणून उरले १,८०,०००. न दिसलेल्या दोषांसाठी त्यातले आणखी दहा टक्के राखावेत आणि १,६२,००० रुपये ही आपली शेवटची मर्यादा मानावी. हा कागद लिहूनच बोलणीला बसावे. विक्रेत्याने आकड्याला विरोध केला तर कोणत्या ओळीला विरोध आहे, ते त्याला विचारता येते, आणि बोलणी मशीनबद्दलच राहते.

स्लाइडची झीज मात्र या हिशेबात सहज बसत नाही. स्लाइड ग्राइंडिंग, त्यानंतर टर्साइट नावाची कमी घर्षणाची प्लॅस्टिक पट्टी चिकटवून केलेले स्क्रेपिंग आणि पुन्हा जुळणी हे काम चांगल्या फिटरच्या हातून करून घेतले तर त्याचा खर्च छोट्या मशीनच्या किमतीच्या बरोबरीने जाऊ शकतो, शिवाय मशीन आठवडेच्या आठवडे बंद राहते. म्हणून नवशिक्याने झिजलेले स्क्रू, खराब बेअरिंग, कुजलेले पॅनेल असलेले मशीन स्वस्तात अवश्य घ्यावे, पण खचलेल्या स्लाइडचे मशीन फुकटाच्या भावात मिळत असले तरी नाकारावे.

उलट बाजूला जोडसाहित्याची भर मोजायला विसरू नये. जॉब नेमक्या कोनांत फिरवणारे युनिव्हर्सल डिव्हायडिंग हेड त्याच्या इंडेक्स प्लेट आणि चेंज गिअरसह पूर्ण असेल, हॉरिझॉन्टल मशीनसोबत व्हर्टिकल अटॅचमेंट, दोन-तीन मापांचे आर्बर आणि त्यांचे स्पेसर असतील, तर हा संच नंतर सुटा जमवणे फार महाग पडते. तो व्यवहार ठरण्यापूर्वीच टेबलावर मांडून यादी करून घ्यावी. ‘गोडाऊनमध्ये आहे, नंतर पाठवतो’ या वाक्याला किंमत देऊ नये.

कागद आणि वाहतूक

मिलिंग मशीन जीएसटीच्या ८४५९ या शीर्षकाखाली येते आणि त्यावर १८ टक्के कर आहे. विक्रेता नोंदणीकृत असेल तर कर वेगळा दाखवलेले पक्के बिल घ्यावे, त्याचे क्रेडिट आपल्याला मिळू शकते. जुन्या मालाचे काही व्यापारी खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरतात. अशा वेळी क्रेडिटबाबत आपल्या सीएला आधी विचारावे, कारण दोन भावांची तुलना तेथेच चुकते. मशीन बँकेकडे तारण नाही, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि विक्रेती कंपनी असल्यास तिच्यावरील बोजाची नोंद पाहावी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपुढच्या आणि राज्याबाहेरून येणाऱ्या ५०,००० रुपयांपुढच्या मालाला ई-वे बिल लागते. सरकारी उपक्रमांच्या, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावरील लिलावात मशीन ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विकले जाते, म्हणून पाहणीच्या दिवशी स्वतः गेल्याशिवाय बोली लावू नये.

उचलण्यापूर्वी नी खाली, टेबल मध्यावर आणि सर्व लॉक घट्ट करावेत. टरेट मशीनचा रॅम मागे घेऊन डोके खाली फिरवावे, म्हणजे वजनाचा मध्य खाली येतो. पट्टा कॉलमच्या आणि रॅमच्या बळकट भागाला लावावा. हायड्रा क्रेनवाला घाईत टेबलाला किंवा लीडस्क्रूला साखळी घालू पाहतो, तेथे स्वतः उभे राहून त्याला थांबवावे. ट्रकवर मशीन चारही बाजूंनी बांधावे आणि उघड्या स्लाइडना ग्रीस लावून वर कापड बांधावे.

गाळ्यात बसवल्यावर स्पिंडल लगेच चालवू नये. गिअरबॉक्सचे जुने तेल काढून, तळाशी चमकणारे धातूचे कण आहेत का ते पाहून, मग निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे नवे तेल भरावे आणि स्लाइडसाठी स्लाइडवे ऑइलच वापरावे. स्पिरिट लेव्हलने टेबल दोन्ही दिशांना समपातळीत आणावे, डोके डायलने सरळ करावे, आणि एका चौकोनी ठोकळ्याच्या सहाही बाजू मिलिंग करून समोरासमोरच्या बाजू मायक्रोमीटरने, लगतच्या बाजू गुण्याने तपासाव्यात. पाया बसतो तसे मशीन थोडे कलते, त्यामुळे महिन्याभराने लेव्हल पुन्हा लावून हाच ठोकळा पुन्हा कापावा आणि दोन्ही वेळची मापे मशीनच्या वहीत नोंदवून ठेवावीत.